वरच्याने पाणी राखायचं, खालच्याने पैसे मोजायचे: यातून गरिबी खरंच हटते का?

ओढ्याकाठचा

बरेच दिवस हे डोक्यात घोळतंय, शेवटी धागा काढतोच. लांबलंय, आधीच माफी मागून ठेवतो.

फ्रान्सच्या ईशान्येला व्हिटेल नावाचं गाव आहे, तिथल्या झऱ्याचं पाणी बाटलीत भरून जगभर विकलं जातं. १९८० च्या दशकात कंपनीच्या लक्षात आलं की पाण्यातलं नायट्रेट हळूहळू वर सरकतंय. कारण काय, तर झऱ्याच्या पाणलोटातले शेतकरी कुरणं मोडून मका घ्यायला लागले होते, मग रासायनिक खतं आली, गोठ्यातलं शेणमूत होतंच, आणि ते सगळं झिरपत झिरपत खाली. आता गंमत अशी की 'नॅचरल मिनरल वॉटर' हे लेबल लावायचं तर पाण्यावर रासायनिक प्रक्रिया करता येत नाही, नियमच तसा आहे. म्हणजे फिल्टर बसवून सुटका नाही. शेतकऱ्यांवर केस करावी तर ते काही बेकायदा करत नव्हते. शेवटी कंपनी त्यांच्या दारात गेली. मका सोडा, रासायनिक खत सोडा, जनावरं जमिनीला झेपतील इतकीच ठेवा, आणि बदल्यात आम्ही दर हेक्टरी वर्षाला साधारण २०० युरो पाच वर्षं देऊ, नवीन गोठा-अवजारांचा खर्च उचलू, जमीन घेण्यासाठी काढलेलं कर्ज फेडू, कंपोस्ट शेतात टाकून द्यायला माणसंही पाठवू. करार १८ ते ३० वर्षांचे. बोलणी जमून सगळे राजी व्हायला दहा वर्षं गेली, शेतकरी किती तर दोन-तीन डझन!

याला म्हणतात पेमेंट फॉर इकोसिस्टिम सर्व्हिसेस, थोडक्यात पीईएस. पाण्याच्या बाबतीत सोपं करून सांगायचं तर वर डोंगरात जो राहतो तो जमीन कशी वापरतो त्यावर खालच्याचं पाणी ठरतं, मग खालच्याने वरच्याला त्याचे पैसे द्यावेत.

हे इथवर ठीक. पण मी जिथे जिथे वाचतो तिथे पुढचं वाक्य असं असतं की डोंगराळ भागातले लोक गरीब असतात, त्यामुळे या पैशाने गरिबीही कमी होईल. एका दगडात दोन पक्षी. आणि इथेच घोडं पेंड खातं असं मला वाटतं. व्हिटेलचे शेतकरी गरीब नव्हते. न्यूयॉर्कचं उदाहरण तर सगळ्यांच्या तोंडी असतं, १९९७ चा करार, कॅट्सकिलच्या डोंगरातलं पाणी न गाळता शहराला मिळत राहावं म्हणून शहराने वरच्या शेतांवर, सांडपाण्यावर, जमीन खरेदीवर पैसे खर्च केले आणि अब्जावधी डॉलरचा गाळणी प्रकल्प वाचवला. तिथेही घेणारे म्हणजे जमीनवाले.

तर प्रश्न हा की जिथे वरचा माणूस खरोखर गरीब आहे, त्याच्याकडे धड जमीनही नाही, तिथे हे मॉडेल चालतं का? का आपण पाण्याच्या औषधावर गरिबीचं लेबल चिकटवतोय?

नवखी_७

लेख आवडला पण एक बेसिक प्रश्न. निसर्ग तर हे काम फुकटच करतो ना? मग 'सर्व्हिस' कोण देतंय, डोंगर की माणूस? पैसे माणसाला का?

फुकटफौजदार

नवखीताई तुम्ही दुखऱ्या नसेवर बोट ठेवलंत. माझं सरळ मत, ही सभ्य भाषेतली खंडणी आहे. मी तुझ्या पाण्यात घाण टाकणार नाही, त्याचे पैसे दे. उद्या माझा शेजारी म्हणेल मी रात्री ढोल वाजवत नाही त्याचे महिन्याला अमुक द्या. जो घाण करतो त्याने भरावे हा साधा नियम सोडून जो घाण करत नाही त्याला बक्षीस? 😀

ओढ्याकाठचा

@नवखी_७, डोंगर देतो सर्व्हिस, माणूस ती बिघडवत नाही किंवा सुधारतो, आणि ते करताना त्याचं काहीतरी बुडतं. उतारावरचं पीक बुडतं, लाकूड बुडतं, चराई बुडते. पैसे त्या बुडालेल्याचे.

@फौजदार, ढोल वाजवणाऱ्याच्या घरी खायला असेल तर तुमचं बरोबर आहे. ज्याचं पोट त्या उतारावरच्या दोन पोती धान्यावर आहे त्याला दंड लावून बघा. दंड भरायला तो आणखी उतार नांगरेल. आणि खालचे लोक शतकानुशतकं ते पाणी फुकट वापरतायत, ते आयत्या बिळावर नागोबा नाहीत का?

मातीकाका

निवृत्त माणूस आहे, माती आणि पाणी यातच नोकरी गेली. पैशाचं तुम्ही बघा, पण आधी पाण्याचं नीट समजून घ्या, कारण अर्ध्या योजना इथेच फसतात.

'झाडं लावा, पाणी वाढेल' हे सरसकट खोटं आहे. झाड पाणी पितं हो! १९८२ मध्ये जगभरातल्या ९४ पाणलोटांवरच्या प्रयोगांचा आढावा निघाला होता, त्यात एखादा अपवाद सोडला तर सगळीकडे झाडोरा कमी केला की ओढ्याचं वर्षाचं एकूण पाणी वाढलं आणि झाडोरा वाढवला की घटलं. मग जंगल कशाला हवं? पाण्याच्या वेळेसाठी आणि स्वच्छतेसाठी. पावसाचा थेंब उघड्या मातीवर आपटतो तेव्हा मातीचे कण फुटतात, बारीक कण भोकांमध्ये बसतात आणि वर एक पापुद्रा धरतो. वाळल्यावर नखाने उचलून बघा, पापडासारखा निघतो. त्या पापडावरून पुढचा पाऊस घसरून जातो, मुरत नाही. मग पावसात लोंढा आणि उन्हाळ्यात कोरडा ओढा. पालापाचोळ्याखाली हाच थेंब हळू आत जातो आणि महिन्यांनी झऱ्यातून निघतो.

पण हे पालापाचोळा, गवत, मुळं, गांडुळं यांचं काम आहे. नुसत्या उंच खोडांचं नाही. निलगिरीच्या रांगा लावून खालचा पाचोळा झाडून नेला तर धूप थांबणार नाही आणि पाणी मात्र झाडं पिऊन टाकणार. म्हणून कोणी पैसे देत असेल तर पहिला प्रश्न, कशाचे देताय? पाणी जास्त हवंय, स्वच्छ हवंय, की उन्हाळ्यात हवंय? तिन्हीचे उपाय वेगळे, कधी कधी एकमेकांच्या विरुद्ध.

ढगात बुडालेल्या डोंगरमाथ्यावरची जंगलं वेगळी, ती धुक्यातून पाणी ओरबाडून घेतात, तिथे तोड झाली तर पाणी खरंच घटू शकतं. असो, मास्तरकी झाली.

नवखी_७

काका मास्तरकी चालू द्या, पापडवालं एकदम डोळ्यासमोर आलं.

सरळरेघ

मातीकाकांना +१. आता पैशाच्या बाजूने माझे दोन पैसे.

टिनबर्जेन नावाचा अर्थतज्ज्ञ होता, त्याचं म्हणणं, जितकी उद्दिष्टं तितकी साधनं तरी हवीत. पाणी राखणं एक उद्दिष्ट, गरिबी हटवणं दुसरं. एकाच पैशाला दोन्ही कामं लावली की दोन्ही अर्धवट. पाण्यासाठी पैसे द्यायचे तर जिथून गाळ येतो तिथे द्या, तो मालक श्रीमंत असला तरी. गरिबीसाठी द्यायचे तर सरळ गरिबाच्या हातात द्या, त्याचा उतार नदीकाठी आहे की नाही याची चौकशी कशाला?

आणि एक कटू सत्य, छोट्यांशी व्यवहार महाग पडतो. एका माणसाकडे हजार हेक्टर असेल तर एक करार, एक तपासणी, एक चेक. तेच हजार हेक्टर दोन हजार कुटुंबांत वाटलेलं असेल तर दोन हजार सह्या, दोन हजार नकाशे. योजना चालवणारा माणूस वाईट नसतो, पण वर्षअखेरीला त्याला हेक्टर दाखवायचे असतात, आणि हेक्टर मोठ्यांकडे असतात.

कोस्टारिका बघा. १९९६ चा जंगल कायदा, १९९७ पासून पैसे वाटप, इंधनावरच्या करातला ३.५ टक्के भाग त्यासाठी राखलेला. पीईएसचं पोस्टर. सुरुवातीला अट काय, तर जमिनीची कागदपत्रं पक्की हवीत. म्हणजे वर्षानुवर्षं कसणारे पण कागद नसलेले आपोआप बाहेर. पुढे अटी सैल केल्या, पण पैशाचा मोठा वाटा तुलनेने मोठ्या आणि सुस्थितीतल्या मालकांकडे गेला असं बऱ्याच अभ्यासांत आलंय. शिवाय त्याच कायद्याने जंगल तोडून दुसरा वापर करायला बंदी घातली होती, मग जंगल वाढलं ते पैशाने की बंदीने यावर अजून भांडणं चालू आहेत.

ओढ्याकाठचा

सरळरेघ, टिनबर्जेन मान्य, पण कागदावर. पाण्यासाठी चराई बंद करायची, आणि ज्याची चराई गेली त्याच्यासाठी वेगळी गरिबी योजना कधीतरी येईल म्हणायचं? ती येत नाही हो. एका हाताने काढून घेतलेलं दुसऱ्या खात्याने द्यायचं म्हणजे वड्याचं तेल वांग्यावर.

मेक्सिको घ्या. तिथे निम्म्याहून जास्त जंगल गावांच्या आणि एखिदोंच्या (एकत्र जमीन धरणाऱ्या गावगटांच्या) सामूहिक मालकीचं आहे. २००३ मध्ये त्यांनी पाणलोटाच्या जंगलांसाठी योजना काढली, पैसा पाणीवापराच्या शुल्कातून. करार एकेकट्याशी नाही, गावाच्या सभेशी. तुमचा छोट्यांचा खर्च तिथे बराच कमी झाला, आणि गरीब गावांपर्यंत पैसा पोचलाही.

सरळरेघ

पोचला, बरोबर. पण सुरुवातीची बरीच रक्कम जिथे तोडीचा धोका मुळात कमी होता अशा जंगलांना गेली हेही तितकंच खरं. गरीब गाव म्हणजे दुर्गम गाव, दुर्गम म्हणजे रस्ता नाही, रस्ता नाही म्हणजे लाकूड न्यायला कोणी येत नाही. जी झाडं तशीही उभी राहणार होती त्यांचे पैसे दिले! गरिबीच्या दृष्टीने छान, पाण्याच्या दृष्टीने वाया. दोन उद्दिष्टांचं भांडण म्हणतो ते हेच.

रानजाई

वाचत होते नुसतं, पण चराईचा विषय निघाला म्हणून लिहितेय. कुठे आणि कोणाचं ते विचारू नका.

एका पाणलोट प्रकल्पात दोन वर्षं फिल्डला होते. खालच्या तलावात गाळ येत होता, म्हणून वरचा उतार पाच वर्षं चराईला बंद आणि बदल्यात वर्षाला हेक्टरी पैसे. यादी ज्या दिवशी वाचली त्या दिवशी मी तिथे होते. झाडाखाली टेबल, टेबलावर रजिस्टर, उडू नये म्हणून त्यावर दगड. नाव वाचलं की माणूस यायचा, अंगठा नाहीतर सही, पाकीट. एक बाई कडेला उभी होती सकाळपासून, हातात काठी, सोबत नेहमी असायच्या त्या शेळ्या नव्हत्या. यादी संपल्यावर पुढे आली आणि म्हणाली माझं नाव राहिलं. साहेबांनी विचारलं जमीन कुठली? म्हणाली जमीन नाही, मी रोज तिथे शेळ्या चारायची, तुम्ही बंद केलं. साहेब म्हणाले योजना जमीनधारकांसाठी आहे. ती भांडली नाही. म्हणाली, मग बंद पण जमीनधारकांनाच करायचं होतं.

तिने बारापैकी नऊ शेळ्या त्याच महिन्यात विकल्या होत्या. मी अहवालात लिहिलं, अंतिम प्रतीत तो परिच्छेद नव्हता. 'लाभार्थी समाधानी' असं होतं, आणि ते खोटंही नाही म्हणा, लाभार्थी समाधानीच होते.

फुकटफौजदार

मग बंद पण जमीनधारकांनाच करायचं होतं... काय बोलली ती बाई. खंडणीवालं वाक्य मागे घेतो. निदान या केसपुरतं.

अर्धवटराव

पण मग सरळ उपाय आहे ना, जमिनीचे पैसे देऊच नका, कामाचे द्या. दक्षिण आफ्रिकेने हेच केलंय. १९९५ मध्ये, मंडेलांच्या मंत्रिमंडळात कादर अस्मल पाणीमंत्री असताना, 'वर्किंग फॉर वॉटर' सुरू झालं. तिथे बाहेरून आणलेली झाडं, ऑस्ट्रेलियन बाभळी, पाइन, निलगिरी, ओढ्यांकाठी इतकी माजली होती की नद्यांचं पाणी पिऊन टाकत होती (मातीकाकांचा मुद्दा, उलट बाजूने). मग बेरोजगारांना कामावर घेतलं, करवत-कोयते आणि ट्रेनिंग दिलं, झाडं तोडली. मजुरीत बायकांचा वाटा ६० टक्के असावा असं लक्ष्यच ठेवलं. जमीन कोणाची का असेना, पैसा मजुराच्या हातात. शेळीवालीलाही मिळाला असता.

सरळरेघ

चांगलं उदाहरण. फक्त ती रोजगार योजना झाली, कोणाला तरी झाडं तोडायची मजुरी मिळते, पाण्यावर हक्क मिळत नाही. काम संपलं की पैसा संपला. आणि बाभळी तोडल्यावर बी जमिनीत वर्षानुवर्षं पडून राहतं, आग लागली की आणखी जोमाने उगवतं, म्हणून पुन्हा पुन्हा जावं लागतं. एका परीने कायमचा रोजगार म्हणा 🙂

अर्धवटराव

उपाशी माणसाला विचारा हक्क हवा की मजुरी. आधी मजुरी म्हणेल.

मातीकाका

दोन्ही एकत्र बसवलेलं एक उदाहरण आहे, आणि ते पीईएस हा शब्द जन्माला येण्याआधीचं. सुखोमाजरी.

चंडीगडला १९५८ मध्ये सुखना तलाव बांधला आणि तो बघता बघता गाळाने भरायला लागला. काढून काढून काढणार किती? सत्तरच्या दशकात पी. आर. मिश्रा आणि त्यांचे मृदसंधारणातले सहकारी गाळाचा माग काढत शिवालिकच्या टेकड्यांमध्ये गेले, तर वर सुखोमाजरी नावाचं छोटं गाव, गरीब, शेळ्यांनी उघडे बोडके केलेले उतार. आधी नेहमीचं सगळं करून पाहिलं, चर खोदले, रोपं लावली. रोपं शेळ्यांनी खाल्ली. लोकांना सांगून काय उपयोग, शेळ्या सोडल्या तर खायचं काय?

मग मातीचा छोटा बंधारा बांधला, पावसाचं पाणी अडलं, खालच्या काही शेतांना मिळालं, पीक दुपटीवर गेलं. लगेच भांडण. ज्यांची शेतं बंधाऱ्याखाली नव्हती ते म्हणाले, डोंगर आम्ही राखायचा आणि पाणी ह्यांनी प्यायचं? इथे जे ठरलं ना, ते सगळ्या धाग्याचं उत्तर आहे असं मला वाटतं. गावाने ठरवलं की पाण्यात प्रत्येक घराचा सारखा वाटा. जमीन किती आहे ते बघायचं नाही. भूमिहीनालाही तेवढाच, त्याने तो विकावा, नाहीतर दुसऱ्याची जमीन वाट्याने घेऊन वापरावा.

आणि मग चराई आपोआप बंद झाली, ना कुंपण ना रखवालदार. शेळी डोंगरावर सोडणारा आता सगळ्यांच्याच पाण्यात माती कालवत होता. शेळ्या कमी झाल्या, म्हशी वाढल्या, टेकड्यांवर भाबर गवत आलं, कागद गिरणीला ते विकलं जाऊ लागलं. खाली सुखनातला गाळ एकदम घटला. शहराने हेक्टरी चेक दिला नव्हता. बंधाऱ्यांचा खर्च सरकारी, संशोधनाच्या पैशातून. मोबदला म्हणून गावाला पाणीच मिळालं.

पुढे सगळं गोड राहिलं असं नाही. गवताच्या उत्पन्नावर सरकारी खात्याने हात ठेवला, बंधाऱ्यांतही गाळ साचला, नव्या पिढीला शहरातली नोकरी बरी वाटली. पण तत्त्व खणखणीत होतं.

रानजाई

काका, ज्या वर्षी मी यादीजवळ उभी होते त्या वर्षी हे वाचलेलं असतं तर निदान भांडले असते.

नवखी_७

म्हणजे पैसे न देता वस्तू किंवा हक्क दिले तर जास्त चालतं असं आहे का? अजून कुठे केलंय?

ओढ्याकाठचा

बोलिव्हियात लॉस नेग्रोस खोऱ्यात. २००३ पासून वरचे शेतकरी ढगाळ जंगल राखतात आणि बदल्यात दहा हेक्टरमागे वर्षाला मधमाश्यांची एक पेटी आणि ती सांभाळायचं प्रशिक्षण. काहींनी नंतर काटेरी तार मागून घेतली. रोख का नाही, तर लोकांनीच सांगितलं रोख हातातून निसटते, पेटी दारात राहते. शिवाय रोख घेतली की 'जंगल विकलं' अशी भीती. मला हे फार शहाणपणाचं वाटलं. अर्थात ज्याला माश्यांची भीती त्याने काय करायचं हा प्रश्न उरतोच.

सरळरेघ

मधमाशी गोड आहे, कबूल. पण मोजायचं कसं? अटीवर पैसे हा पीईएसचा जीव आहे. काम झालं तर मोबदला, नाही झालं तर नाही. गरिबी योजना म्हणून बघायला लागलात की अट लावताना हात थरथरतो. दुष्काळ पडला, त्याने उतार नांगरला, आता त्याचे पैसे थांबवणार? थांबवलेत तर गरिबाला लाथ, नाही थांबवलेत तर अट कसली, तो निव्वळ दानधर्म. बहुतेक योजना दुसरा रस्ता धरतात आणि अहवालात पहिला लिहितात.

चीनचं बघा, १९९७ ला पीत नदी (होआंग हो) महिनोन् महिने समुद्रापर्यंत पोचली नाही, १९९८ ला यांगत्सेला प्रलय, आणि १९९९ ला २५ अंशांपेक्षा जास्त उताराची शेती सोडायला धान्य आणि रोख द्यायला सुरुवात. पीत नदीच्या खोऱ्यात हेक्टरी वर्षाला १५०० किलो धान्य, यांगत्सेकडे २२५०. तीन कोटींवर कुटुंबं. गरिबीला हातभार लागला, पोरं शहरात कामाला जायला मोकळी झाली. पण ऐच्छिक नावालाच, कोणता उतार ते वरूनच ठरायचं. आणि लोएस पठारासारख्या कोरड्या भागात इतकी झाडं लावली की आता नदीला आणि माणसांना पाणी पुरेल का याची चिंता तिथलेच शास्त्रज्ञ करतायत.

मातीकाका

पितात हो झाडं, सांगतोय केव्हाचा.

फुकटफौजदार

अवांतर: पैसे शेवटी भरतो कोण? नळवालाच ना? इक्वेडोरमधल्या किटोत २००० साली पाणी निधी काढला, शहराची पाणी कंपनी विक्रीतला २ टक्के त्यात टाकते, ८० वर्षांचा ट्रस्ट, सुरुवातीचं भांडवल २१ हजार डॉलर म्हणे. वरच्या पारामो गवताळ पठाराची स्पंजासारखी माती राखायला तो पैसा. छान. पण बिलात सरसकट दोन टक्के म्हणजे झोपडीतला नळपण तेवढेच टक्के भरणार ना? वरच्या गरिबासाठी खालच्या गरिबाच्या खिशात हात?

ओढ्याकाठचा

अवांतर कसलं, हा मधलाच मुद्दा आहे. पाण्याचे दर टप्प्याटप्प्याने असतील, कमी वापर कमी दर, तर तो भार हलका करता येतो. खरा राग मला दुसऱ्याचा येतो. पाण्यावर सगळ्यात जास्त कमावणारे, वीजनिर्मितीवाले, मोठी बागायत, बाटलीवाले, ते बऱ्याच ठिकाणी काठावर बसून असतात. कोलंबियात काउका खोऱ्यातल्या ऊस बागायतदारांनी ८० च्या दशकाच्या शेवटी स्वतःहून संघ काढून पाणीपट्टीवर जास्तीचे पैसे भरले आणि वरच्या गावांत खर्च केले, उन्हाळ्यात नदी आटायला लागली म्हणून. स्वार्थच, पण डोळस. असे थोडे.

अर्धवटराव

सगळं वाचून माझं मत असं झालंय की योजना गरिबासाठी आहे की नाही हे घोषणेवरून कळत नाही, पैसे कशावर मोजलेत त्यावरून कळतं. हेक्टरवर मोजले तर जमीनवाल्याला, दिवसावर मोजले तर मजुराला, घरावर मोजले तर सगळ्यांना.

सरळरेघ

आणि परिणामावर मोजले तर? गाळ घटला तरच पैसे? ते तर सगळ्यात प्रामाणिक, पण गरीब माणूस पावसाची जोखीम कशी घेणार? एक दरड कोसळली की वर्षाची मेहनत पाण्यात.

रानजाई

झालंय तसंही. इंडोनेशियात सुमात्रा बेटावर सुंबरजाया म्हणून भाग आहे, कॉफी पिकवणारे लोक, खाली जलविद्युत धरण. नव्वदीच्या दशकात सरकारने 'तुम्ही जंगल तोडून गाळ करता' म्हणून लोकांना तिथून हुसकावलं, सैन्य आणून. नंतर संशोधकांनी मोजून पाहिलं तर सावलीची झाडं ठेवून केलेली जुनी कॉफीची बाग धूप रोखायला जंगलाच्या जवळपास निघाली. बराच गाळ येत होता तो पायवाटांमधून, रस्त्यांमधून, ढासळणाऱ्या काठांमधून! ज्याच्यासाठी माणसं घालवली ते कारणच अर्धं चुकीचं.

मग दोन गोष्टी झाल्या. एक, बागेत झाडं राखायच्या अटीवर त्याच जमिनीचा दीर्घ मुदतीचा परवाना. रोख नाही, पण कोणी हुसकावणार नाही याची खात्री, आणि तिथल्या माणसाला तेच सगळ्यात मोलाचं होतं. दुसरं, एका ओढ्यावर गावाच्या गटाशी करार, गाळ ३० टक्के घटला तर पूर्ण मोबदला, कमी घटला तर टप्प्याने कमी. पण कामाला लागणारा खर्च आधीच देऊन ठेवला होता, म्हणजे सगळी जोखीम गटाच्या डोक्यावर नव्हती.

नवखी_७

गाळ घटला हे गावकऱ्यांना कसं कळतं पण? लॅबमध्ये पाठवतात का?

रानजाई

साधं असतं गं. आमच्याकडे आम्ही असं करायचो. ठरलेल्या जागी ओढ्यात बाटली बुडवायची, तोंड प्रवाहाकडे, तळ खरवडायचा नाही. पाऊस चालू असताना जायचं, कारण गाळ तेव्हाच येतो, कोरड्या दिवशी नितळ पाणी भरून आणलं तर आकडा सुंदर येतो आणि खोटा येतो. सोबत पट्टीवर पाण्याची उंची लिहायची. मग गाळणकागदावर ओतायचं, सुकवायचं, वजन करायचं. कोरा कागद आधी तोललेला असतो, फरक म्हणजे गाळ.

दुसऱ्या पावसाळ्यात बाटल्या भरायला माणूस मिळेना, रात्री-अपरात्री पावसात कोण जाणार. शेवटी ती शेळीवाली तयार झाली, तिला डोंगराचा पाऊस कुठून सुरू होतो ते ढग बघून कळायचं. बाटलीमागे मजुरी ठरली. त्या वर्षी रजिस्टरमध्ये तिचं नाव आलं, हंगामी मजूर या रकान्यात. सगळ्यात गढूळ बाटल्या तिनेच आणल्या, नेमक्या वेळी पोचायची म्हणून. त्यावर वरचे जमीनवाले कुरकुरले, हिच्यामुळे आपला आकडा बिघडतो म्हणे.